अर्व्हिनचा फौजी कोट

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ असं आपण म्हणतो. गॉर्डी जॅडिनला कुणी खरोखर सहा महिन्यांचा वायदा केला असता, तर त्याने त्या माणसाला घरी नेऊन पोटभर जेवू घातलं असतं. त्याच्या कामाला मेपलची पानं दोनदा झडली, आणि मधल्या काळात सरकारने त्याच्या आईला एकदा मारूनही टाकलं.

गॉर्डी आमच्या ला मार्श गावचा दूधवाला. रतीब घालणारा नव्हे. आसपासच्या गोठ्यांवरचं दूध टँकरमध्ये भरून चीजच्या कारखान्यात पोचवणारा. साठी ओलांडलेला, अंगाने आडवा, बोलायला बेताचा. एकदा लग्न केलं होतं, ते मोडलं; त्याबद्दल तो बोलत नाही आणि आम्हीही विचारत नाही. त्याला जगात दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे, विस्कॉन्सिनच्या कसल्याही बर्फात त्याचा टँकर कधी खड्ड्यात गेला नव्हता. आणि दुसरी म्हणजे, त्याचा बाप कोरियाच्या लढाईच्या वेळचा सैनिक होता.

आई, म्हणजे लिओनाबाई, ऐंशीच्या पुढच्या. नवरा होता तोवर त्याला सगळं गाव ‘अरे अर्व्हिन’ म्हणायचं, पण बाईंना अगं-तुगं करण्याची हिंमत फार थोड्यांची होती. घसरून खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या गावच्याच ला मार्श होम या वृद्धाश्रमात राहायला होत्या. बुद्धी शाबूत, जीभ त्याहून शाबूत, पण अंघोळीला, कपडे घालायला, खुर्चीतून उठायला माणूस लागायचा. होमची फी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. गुरं आधीच गेली होती, मग जमीन विकली, आणि आता येत्या हिवाळ्यात तळ दिसणार असं तिथल्या हिशेबनीस बाईंनी गॉर्डीला कॉफी पाजून सांगितलं.

तळ दिसला की लिओनाबाईंना गरिबांसाठीच्या आश्रमात जावं लागणार होतं. तो चाळीस मैलांवर, कागदाच्या गिरण्यांच्या शहरात, एका खोलीत तिघी. इथे पत्त्यांच्या टेबलाशी त्यांची जुनी मैत्रीण व्हर्ना होती. खिडकीतून चर्चचं कब्रस्तान दिसायचं आणि कब्रस्तानात अर्व्हिन होता. तिकडे नेलं तर आई महिन्याभरात मान टाकेल अशी गॉर्डीला खात्री होती, आणि त्या भीतीने त्याला टँकर चालवताना मधूनच घाम फुटायचा.

हिशेबनीस बाईंनीच वाट दाखवली. तुमचे वडील फौजेत होते ना, मग डार्लीनला भेटा, त्या म्हणाल्या. प्रत्येक जिल्ह्यात माजी सैनिकांचे कागद लावून देणारं एक माणूस असतं. आमच्याकडे ती डार्लीन. शाळेत ती गॉर्डीच्या पुढच्या बाकावर बसायची आणि तेव्हाही तिच्या पेन्सिली वर्गात सगळ्यांत टोकदार असायच्या. तिने समजावून सांगितलं की लढाईच्या काळात वर्दीत असलेल्या माणसाला, किंवा त्याच्या विधवेला, म्हातारपणी दुसऱ्याच्या हाताची गरज लागली तर सरकार दरमहा रक्कम देतं. प्रत्यक्ष लढायला गेलेलं असायला हवं असंही नाही. होमच्या फीचा खड्डा जेमतेम बुजेल एवढी ती रक्कम होती. त्यासाठी लागणार काय, तर अर्व्हिन फौजेतून सुटल्याचा दाखला.

गॉर्डीने घर उलथंपालथं केलं. दाखला नाही. पण अर्व्हिन फौजेत होता याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती, कारण त्याचा कोट सगळ्यांनी पाहिला होता. जाड लोकरीचा, शेवाळी रंगाचा, लांबच लांब फौजी कोट. नवराबायको उत्तरेकडून येऊन इथे जमीन घेऊन राहिले, त्या पहिल्याच हिवाळ्यात तो कोट घालून अर्व्हिन चर्चला आला. माजी सैनिकांच्या क्लबातल्या कुणीतरी विचारलं, कुठे होतास रे लढाईत? अर्व्हिन म्हणाला, त्यावर मी बोलत नाही.

झालं. तेवढ्या एका वाक्यावर तो क्लबात शिरला. ज्याने खरी लढाई पाहिली तो तिच्याबद्दल बोलत नाही, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे, त्यामुळे अर्व्हिन जितका गप्प राहिला तितका त्याचा पराक्रम वाढत गेला. कुणी म्हणे त्याने एकट्याने पूल राखला, कुणी म्हणे तो शत्रूच्या कैदेत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अर्व्हिनने पन्नास वर्षं झाकून ठेवली. परेडमध्ये झेंडा त्याच्या हातात असायचा. जत्रेला कोंबडीच्या रश्श्याची, आमच्या बूयाची, हंडाभर उकळी त्याच्या देखरेखीखाली व्हायची. तो गेला तेव्हा क्लबाने त्याला त्या कोटातच पुरलं आणि थडग्यापाशी झेंड्यासाठी पितळी कडं रोवलं. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेलेल्या सैनिकांच्या दिवशी, त्यात दर वर्षी नवा झेंडा लागायचा.

डार्लीनने मोठ्या कचेरीला लिहिलं. वाट पाहून पाहून डोळे शिणल्यावर उत्तर आलं की अर्व्हिन जॅडिन यांची फाइल सापडत नाही. गॉर्डीचं तोंड उतरलं, पण डार्लीन खूश होती.

“ही चांगली बातमी आहे,” ती म्हणाली. “सेंट लुईसच्या फौजी दफ्तरखान्याला त्र्याहत्तर साली मोठी आग लागली होती. त्या काळातल्या फौजेच्या बहुतेक फायली जळाल्या. तुझ्या वडिलांचीही जळली असं त्यांनी धरलंय.”

“जळली यात चांगलं काय?”

“जळली नसती तर वाईट होतं. जळली म्हणजे होती.”

आता फक्त एका सोबत्याचं शपथपत्र हवं होतं, की मी या माणसाला फौजेत पाहिलं. गॉर्डी सरळ क्लीट मासारकडे गेला. क्लीट म्हणजे क्लबाचा प्रमुख, आणि अर्व्हिनचा जिवाभावाचा मित्र. तो स्वतः फौजेत होता हे खरं, पण सबंध लढाई त्याने दक्षिणेकडच्या, उकाड्याच्या लुइझियानात, तिथल्या छावणीत पाव भाजत काढली होती. अर्व्हिनच्या विधवेसाठी मात्र तो म्हणाल त्या रणांगणावर जायला तयार होता. लिहितो मी, काळजी करू नकोस, असं म्हणून त्याने चष्मा शोधायला घेतला.

गाडी अडली ती लिओनाबाईंपाशी. अर्जावर विधवेची सही लागत होती. गॉर्डीने कागद पुढे केला, पेन हातात दिलं. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं आणि पेन परत दिलं.

“ह्यात लिहिलंय ते खरं नाही.”

“कुठलं खरं नाही, आई?”

“सगळंच.” आणि त्यांनी व्हर्नाला पत्ते पिसायला सांगितलं.

गॉर्डीला वाटलं, आईचं डोकं फिरायला लागलं. नाहीतर हा तिचा जुना ताठा असणार. तो चिडला. बापाने देशासाठी रक्त आटवलं आणि त्याच्या हक्काचे चार पैसे घ्यायला हिला लाज वाटते, असं तो तोंडावर बोलला. लिओनाबाई म्हणाल्या, तसं समज. त्यानंतर आठवडाभर तो होममध्ये फिरकला नाही, आणि त्या आठवड्यात त्याला जेवण गोड लागलं नाही.

क्लीटला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रविवारी दुपारी तो इस्त्रीचा शर्ट आणि क्लबाची टोपी घालून, लिहिलेली तीन पानं घेऊन होममध्ये हजर झाला. सोमवारी डार्लीनपुढे हात वर करून शपथ घ्यायची होती, त्याआधी अर्व्हिनच्या बायकोला ऐकवावं, अशी त्याची इच्छा. गॉर्डीलाही त्यानेच धरून आणलं. टेबलाशी लिओनाबाई आणि व्हर्ना पत्ते खेळत होत्या. क्लीट उभा राहून वाचू लागला.

पहिल्या पानावर तो आणि अर्व्हिन एकाच तुकडीत होते. दुसऱ्या पानावर कोरियातली गोठलेली नदी होती. तिसऱ्यावर बर्फ फुटला, क्लीट पाण्यात पडला, आणि अर्व्हिन त्याला खांद्यावर टाकून गोळीबारातून बाहेर नेऊ लागला. तिथे येईतो क्लीट कागदाकडे न बघताच बोलू लागला होता. आपण लिहिलेल्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसला होता, हे गॉर्डीला दिसत होतं.

लिओनाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“क्लीट, तू कुठे होतास रे लढाईत?”

“तुला ठाऊक आहे की.”

“पाव भाजत होतास. लुइझियानात नदी गोठते का?”

“लिओना, अगं, हे अर्व्हिनसाठी आहे.”

“आणि उद्या ह्यावर शपथ घेणार तू? खोट्या शपथेला तुरुंग असतो. या वयात तिथे तुला पावाच्या भट्टीवर कोण ठेवणार आहे?”

क्लीट म्हणाला, घेणार म्हणजे घेणारच, तो असता तर त्यानेही माझ्यासाठी घेतली असती. त्याने पानांची घडी घालायला सुरुवात केली. लिओनाबाईंनी ती घडी पुरी होऊ दिली. मग त्यांनी हातातले पत्ते टेबलावर पालथे ठेवले.

“अर्व्हिन फौजेत नव्हता. एक दिवससुद्धा नाही. मी होते.”

 व्हर्ना आपले पत्ते लावत राहिली.

“तू,” क्लीट म्हणाला.

“कॉर्पोरल. व्हर्जिनियात, फोर्ट लीला, बायकांच्या पलटणीत. नव्या पोरींना कवायत शिकवायचे.”

क्लीट खुर्चीत बसला. म्हणाला, “परेडमध्ये अर्व्हिनसारखं पाऊल जिल्ह्यात कुणाचं नव्हतं.”

“नसणारच. गोठ्यात शिकवलंय मी त्याला. दूध काढून झाल्यावर.”

क्लीटने तिन्ही पानं खिशात घातली, टोपी डोक्यावर चढवली आणि कुणाकडे न बघता निघून गेला. गॉर्डीला त्याच्यामागे जावंसं वाटलं आणि जाववलं नाही. त्याला आईचा राग आला, बापाचा त्याहून आला. लहानपणी तो कोट घालून तो शाळेत मिरवला होता. बाह्या जमिनीवर लोळत होत्या तरी काढला नव्हता. मला तरी सांगायचं, तो म्हणाला.

“तुला सांगून काय करायचं होतं? तुझा बाप तुझ्यापासून काढून घ्यायचा होता?” लिओनाबाई म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं, जसं आठवेल तसं. “त्याचा एक भाऊ होता, रे नावाचा. तो आणि हा, दोघं एकाच दिवशी भरतीला गेले. रेला घेतलं. ह्याला एका कानाने ऐकू येत नाही म्हणून घरी धाडलं. रे कोरियातून परत आलाच नाही. मग आमच्या गावातले लोक ह्याच्याकडे बघायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते बघायचे. त्या बघण्याला कंटाळून आम्ही इकडे जमीन घेतली. पैसे सगळे तिच्यात गेले, ह्याच्याजवळ धड कोटही नव्हता, म्हणून माझा दिला. तेव्हा मी त्याच्यापेक्षा थोराड होते. आणि त्या क्लबातल्या गाढवाने नेमकं विचारलं. घरी येऊन रडला तो. म्हणाला, उद्या जाऊन खरं सांगतो. मीच म्हटलं, राहू दे. मी माझी नोकरी करून आले होते, गॉर्डी. मला त्या कोटाची गरज नव्हती. त्याला होती.”

“मग आता सही का नाही करत? तुझ्या स्वतःच्या नावाने अर्ज करू.”

“माझे कागद लागले की त्याचा झेंडा जाईल.”

“आणि नाही लागले तर तू जाशील. त्या गिरण्यांच्या गावात.”

“जाईन. तेच ठरवलं होतं मी.” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “पण आता क्लीटला कळलं. त्याला कळलं म्हणजे सगळ्यांनाच कळणार. आण माझ्या नावाचा कागद.”

सही करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गॉर्डीने आईला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, बाप गेला तेव्हासुद्धा.

इथून पुढे काम सोपं व्हायला हवं होतं, कारण आता ते खरं होतं. पण खोट्या अर्जाला जी कचेरी लोण्यासारखी मऊ लागली होती, तिला खऱ्या अर्जाने दात फुटले. दाखला कुठे आहे, डार्लीनने विचारलं. चुलीत घातला, लिओनाबाईंनी सांगितलं. अर्व्हिनला पहिल्यांदा परेडमध्ये झेंडा धरायला दिला त्या वर्षी, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. फौजेकडची फाइल मागवली तर तीही सेंट लुईसच्या आगीत गेलेली. जी फाइल कधी नव्हती ती जळाली होती, आणि जी होती तीही जळाली होती.

डार्लीन हार मानणारी नव्हती. तिला आठवलं की फौजेच्या कपड्यांना आतून, अस्तरावर, धुलाईसाठी नाव आणि नंबर छापलेला असायचा.

“कोट आहे ना अजून?” तिने गॉर्डीला विचारलं.

“आहे.”

“कुठे आहे?”

“बाबांच्या अंगावर.”

डार्लीनने पेन्सिल खाली ठेवली. थोडा विचार करून म्हणाली, “ते आपण अगदी शेवटी ठेवू.”

मधल्या काळात मोठ्या कचेरीत कुणीतरी शहाण्याने दोन्ही अर्जांची सांगड घातली. अर्व्हिनची फाइल मागवताना डार्लीनने केलेल्या जुन्या अर्जात लिओना जॅडिन ही सैनिकाची विधवा होती. नव्यात लिओना जॅडिन ही सैनिक होती. विधवा आहे त्या अर्थी सैनिक मेलेला असणार, हे तर उघडच. मग एक सोनेरी कडांचं पत्र आलं. कॉर्पोरल लिओना यांच्या निधनाबद्दल सरकार श्रीमती लिओना यांच्या दुःखात सहभागी होतं, आणि मृत्यूचा दाखला लवकर पाठवावा अशी विनंती होती. लिओनाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. फार कामाची बाई होती, त्या म्हणाल्या, आणि ते व्हर्नाला वाचायला दिलं.

डार्लीनने फोन लावला. तासभर बाजा ऐकवल्यावर पलीकडचा माणूस म्हणाला की आपण मेलो नसल्याचं मयत व्यक्तीने स्वतः लेखी कळवावं. लिओनाबाईंनी लिहिलं, ‘मी अजून मेलेले नाही. उशीर होतोय त्याबद्दल क्षमस्व.’ दुसरं वाक्य डार्लीनने खोडायला लावलं. त्यावर उलट टपालाने, म्हणजे बर्फ वितळल्यावर, कळवण्यात आलं की अर्जदार जिवंत असल्याचं मान्य आहे, पण ती फौजेत असल्याचं मान्य नाही. तरी तिच्या नोकरीची माहिती असलेल्या दोन व्यक्तींची शपथपत्रं जोडावीत.

इथे गॉर्डी मोडून पडला. फोर्ट लीच्या पलटणीतलं कोण कुठे उरलं असणार? होमसाठीचे पैसे संपले होते आणि तो आपला पगार त्यात ओतत होता, तोही पुरत नव्हता. चाळीस मैलांवरच्या आश्रमाने खाट रिकामी होत असल्याचं कळवलं होतं. तो आईच्या टेबलाशी डोक्याला हात लावून बसला.

“मला विचारलंस का?” व्हर्ना म्हणाली.

“तुम्हाला काय माहीत असणार, व्हर्नाबाई?”

“तुझ्या बापाच्या कोटाची बटणं कुठल्या बाजूला होती?”

गॉर्डीला सांगता येईना. पन्नास वर्षं तो कोट क्लबातल्या पुरुषांच्या नाकासमोर होता, परेडला, मयतीला, बूयाच्या हंड्याशी, आणि एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं की त्याची बटणं बायकांच्या कपड्यांना असतात त्या बाजूला आहेत. बायकांच्या मात्र ते पहिल्याच रविवारी ध्यानात आलं होतं. शिवाय फाटलेलं अस्तर चर्चच्या शिवणाच्या बायकांनी सांधून दिलं होतं, आणि त्यावर लागार्ड हे लिओनाबाईंचं माहेरचं नाव नंबरासकट छापलेलं व्हर्नाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि ते नसतं तरी, चर्चच्या जेवणावळीत ही बाई स्वयंपाकघरात आली की सगळ्याजणी आपोआप रांगेत उभ्या राहायच्या. हिने कुठेतरी हुकूम सोडलेले आहेत, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“जिचा कोट ती बोलेना, आम्ही कोण बोलणार? आणि त्याला तो शोभायचा.”

दोन शपथपत्रं हवी होती. डार्लीन शिक्का घेऊन होममध्ये आली तेव्हा सही करायला पाच म्हाताऱ्या काठ्या टेकत ओळीने उभ्या होत्या. त्यांच्या जोडीला डार्लीनने कुठल्याशा सरकारी गोदामातून पगाराची एक जुनी यादी मिळवली, आगीतून वाचलेली, तिच्यात लागार्ड आणि तोच नंबर होता. मोठ्या कचेरीला आता नाही म्हणायला जागा उरली नाही. दुसऱ्यांदा पानं झडली तेव्हा मंजुरी आली, मागच्या थकबाकीसकट. लिओनाबाईंची खाट, टेबल, खिडकी, सगळं जागच्या जागी राहिलं. गॉर्डी टँकर रस्त्याच्या कडेला उभा करून पोरासारखा रडला.

पण क्लीट त्या रविवारपासून बोलत नव्हता. चर्चमध्ये गॉर्डी दिसला की तो दुसऱ्या दाराने जायचा. होमकडे फिरकला नाही. गावाला एव्हाना सगळं कळलं होतं. बायका काही म्हणत नव्हत्या आणि पुरुष जरा जास्तच मोठ्याने हवापाण्याच्या गोष्टी करत होते. सैनिक नसलेल्याच्या थडग्याला झेंडा लागत नाही, असा नियम आहे, आणि जिवंत सैनिकालाही लागत नाही. मधल्या वर्षी कागद लागायचे होते म्हणून झेंडा लागला; मंजुरीनंतरच्या मे महिन्यातल्या त्या सोमवारच्या आदल्या दिवशी क्लीट छोट्या झेंड्यांची बादली घेऊन कब्रस्तानात फिरत होता, ते लिओनाबाईंनी खिडकीतून पाहिलं. तो अर्व्हिनपाशी थांबला. वाकला, पितळी कड्यातलं गवत काढलं, आणि पुढच्या थडग्याकडे गेला. कडं रिकामंच राहिलं. बरोबर आहे, नियम आहे, त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या प्रत्येक डाव हरल्या.

सोमवारी आईला नेऊच नये असं गॉर्डीच्या मनात होतं. कब्रस्तानात क्लबाच्या मेलेल्या सभासदांची हजेरी होते. एकेक नाव पुकारायचं, क्षणभर थांबायचं, मग घंटेचा एक टोल. गेली बारा-तेरा वर्षं त्यात अर्व्हिनचं नाव होतं, आणि ते गाळलेलं तिने ऐकावं असं त्याला वाटत नव्हतं. लिओनाबाई म्हणाल्या, मी जाणार आहे, माझी चाकांची खुर्ची तू ढकलणार नसलास तर व्हर्ना ढकलेल. व्हर्ना स्वतः काठीवर चालायची. गॉर्डीने निमूटपणे खुर्ची गाडीत चढवली.

सगळं गाव उन्हात उभं होतं. क्लीटने खिशातून कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. नाव, शांतता, टोल. नाव, शांतता, टोल. गॉर्डीला क्रम पाठ होता. अर्नेस्ट हर्लाश झाला की बाबा, आणि मग लेक्लोआ. त्याने खुर्चीच्या मुठी घट्ट धरल्या.

“अर्नेस्ट हर्लाश,” क्लीट म्हणाला. टोल पडला.

क्लीटने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. झेंड्याचा नियम सरकारचा होता. यादी क्लबाची होती, आणि ती त्याच्या हातात होती. त्याने क्लबातल्या माणसांवरून एकदा नजर फिरवली, कुणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा अशी.

“अर्व्हिन जॅडिन,” त्याने पुकारलं, आधीच्या नावांपेक्षा मोठ्याने.

कुणी हललं नाही. त्या शांततेत लिओनाबाईंनी मान मागे न वळवता हलकेच सांगितलं, “उठव मला.” गॉर्डीने त्यांना काखेत धरून उभं केलं. त्यांनी त्याचे हात बाजूला सारले, पाठ ताठ केली, आणि कब्रस्तानाच्या पार टोकाला पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, “हजर.”

क्लीटने सलामीसाठी टोपीला हात लावला आणि तो तसाच ठेवला. घंटेवाल्याला टोल द्यायचं सुचलं नाही, आणि कुणी त्याला आठवण केली नाही.